जोडकार्डाची कोरी बाजू

दुर्बिणीची काळी नळी घशातून बाहेर आली, नर्सने तोंडाखालची वाटी काढून घेतली आणि ओल्या कापडाने त्याची हनुवटी पुसली, तेव्हा तोकुजी हिराइवाला ते पत्र आठवलं. आठवलं म्हणणंही तितकंसं खरं नाही. विसरलेली गोष्ट आठवते. हे पत्र तो चाळीस वर्षं न विसरता, पण नजरेआड ठेवून होता. घरातल्या एखाद्या खोलीचं दार आपण लोटून ठेवतो आणि रोज त्या दारावरून जातो, तसं. पत्र म्हणजे जोडकार्ड होतं. एकाला एक जोडलेली दोन कार्डं. एकावर मजकूर, दुसरं कोरं, आणि त्या कोऱ्या कार्डाच्या पाठीवर पाठवणाऱ्याने स्वतःचाच पत्ता घालून दिलेला. तिकीटही छापलेलं. घेणाऱ्याने दोन ओळी लिहायच्या, घडीवर फाडायचं आणि पेटीत टाकायचं. समोरच्याने एवढी सोय करून दिलेली असताना, एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात ज्याने नववर्षाचं एक शुभेच्छापत्र कधी बिनउत्तराचं ठेवलं नाही, त्या तोकुजीने त्या कार्डाला उत्तर दिलं नव्हतं.

"झालं, आजोबा. छान गिळलीत नळी," डॉक्टरीण म्हणाली. तिशीची असेल. तिने पडदा त्याच्याकडे वळवला. पडद्यावर एक ओला, गुलाबी बोगदा होता आणि त्याच्या तळाशी उभे लाल ओरखडे, मांजरीने नखं मारावीत तसे. "ही तुमची अन्ननलिका. हे लाल दिसतंय ना, ती सूज. पोट आणि छातीच्या मध्ये एक पडदा असतो, त्याला अन्ननलिकेपुरतं भोक असतं. ते सैल झालंय, आणि जठराचा वरचा भाग त्यातून वर छातीत सरकलाय. हायटस हर्निया. घाबरायचं काही नाही. तुमच्यासारखी पाठ वाकली की पोट दाबलं जातं, ते वर वाट शोधतं. शेतात राबलेल्या आज्यांमध्ये तर घरोघर."

"म्हणजे आम्ल जास्त झालंय का?" तोकुजीने विचारलं. घसा बधिर होता. शब्द दुसऱ्याच्या तोंडातून आल्यासारखे आले. आपण हे का विचारलं ते त्याला विचारताक्षणीच कळलं. उत्तर त्याला ठाऊक होतं. या मुलीच्या जन्माआधीपासून ठाऊक होतं.

"जास्त असायलाच हवं असं नाही. अशा कित्येकांचं मोजलं तर नेहमीइतकंच भरतं, एखाद्याचं कमीसुद्धा. आहे तेवढंच असतं हो, नको तिथे येतं, एवढंच. जेवल्यावर वाकू नका, उशाला उंची द्या, या गोळ्या महिनाभर. जळजळ थांबेल."

"थांबेल?"

"पंधरा दिवसांत. पूर्वीच्या लोकांचे फार हाल व्हायचे यात."

तो उठून नेहमीपेक्षा जास्त वाकून नमस्कार करायला गेला, तशी छातीत खालून वर एक आंबट रेघ सरकत आली. डॉक्टरीण हसली. "बघा, आत्ताच सांगितलं. वाकायचं नाही."

बाहेर सेंदाई शहराच्या रुंद रस्त्यावर झाडांची पानं पिवळी होऊन गळत होती आणि दुकानदार आपापल्या पायरीपुरती झाडून शेजाऱ्याच्या पायरीकडे ढकलत होते. तोकुजी बसच्या थांब्यावरून तसाच पुढे चालत गेला. पूर्वीच्या लोकांचे हाल. हे वाक्य किती सहज म्हणता येतं. त्याच्या डोळ्यांसमोर पूर्वीचे लोक येत नव्हते; एक बाई येत होती, कमरेत काटकोनात वाकलेली, अकिताच्या डोंगराखालच्या खेड्यातली, भातलावणीत चाळीस वर्षं वाकून पुन्हा सरळ व्हायचंच विसरलेली. तोमे काकिझाकी. वय अठ्ठावन्न, आणि दिसायला सत्तरीची. ती दवाखान्यात आली की आधी तिचं डोकं दारातून आत यायचं, मग पाठ, आणि मग बऱ्याच वेळाने पाय आल्यासारखे वाटायचे.

तोकुजी तेव्हा एकोणतीस वर्षांचा, त्या गावच्या दवाखान्यात प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होता. त्याचं काम जठरातलं आम्ल मोजायचं. उपाशीपोटी आलेल्या रोग्याच्या नाकातून रबरी नळी घालायची, तिचं टोक जठराच्या तळाशी नेऊन ठेवायचं, डाव्या कुशीवर निजवायचं, आम्ल सुटण्यासाठी सुई द्यायची आणि मग तासभर दर दहा मिनिटांनी पिचकारीने ओढून जे येईल ते काचेत जमवायचं. मग ते ब्युरेटच्या, म्हणजे तोटी असलेल्या मापाच्या काचनळीच्या, खाली धरायचं आणि वरून क्षार थेंब थेंब सोडत जायचं, द्रव फिका गुलाबी होईस्तोवर; जितके थेंब जास्त लागतील तितकं आम्ल जास्त. त्याला हे काम आवडायचं. माणसांशी बोलावं लागत नसे. गुलाबी रंग कुठल्या थेंबाला येतो ते पाहताना त्याला आपल्यावर कसलीही शंका येत नसे; एरवी आयुष्यात, अगदी बुटांची नाडी बांधतानाही, यायची. फक्त एक नियम होता. नळीचं टोक तळाशी पोचलंय की नाही ते क्ष-किरणाच्या पडद्यावर पाहायचं, आणि मगच तक्त्यात 'नळीची जागा' या रकान्यात 'योग्य' असं लिहायचं.

त्या दिवशी क्ष-किरणाची खोली अडकलेली होती. गावोगावच्या लोकांची पोटाच्या कॅन्सरसाठी सामुदायिक तपासणी चालू होती. बसच्या बस भरून शेतकरी आले होते आणि रांग फाटकापर्यंत गेली होती. तोकुजी दोनदा त्या खोलीच्या दारापर्यंत गेला. आतून कोणीतरी "श्वास धरा! सोडा!" असं ओरडत होतं. दार ठोठावून, मला दोन मिनिटं पडदा हवाय, एवढं वाक्य त्याने मनात जुळवलं, पुन्हा जुळवलं, आणि परत आला. नळीवर पंचावन्न सेंटीमीटरला खूण असते. तिथपर्यंत आत घातली की सरळ पाठीच्या माणसात ती तळाशी जाते. तोमेची पाठ सरळ नव्हती.

"नाकात वेसण घातलेल्या बैलागत झालं बघा माझं," ती कुशीवर निजून म्हणाली. "आता नांगराला जुंपा की झालं."

"आई, बोलू नकोस गं. नळी हलेल," बाजूच्या स्टुलावरून मुलगी म्हणाली. फुमिए, एकोणीस वर्षांची असावी, मांडीवर आईचा डोक्याला बांधायचा रुमाल घडी करून ठेवलेला.

पहिल्या दहा मिनिटांत काही आलं नाही. दुसऱ्या दहा मिनिटांत थोडा चिकट कफ आला. तोकुजीने पिचकारी पुन्हा पुन्हा ओढली. तासाच्या शेवटी काचेच्या तळाशी जेमतेम एक घोट साचला, आणि तो ब्युरेटखाली धरला तर तिसऱ्या थेंबालाच गुलाबी झाला. म्हणजे आम्ल जवळजवळ नाहीच.

"एवढंच?" तो पुटपुटला. "असं कसं?"

त्याने ते कोणाला उद्देशून म्हटलं नव्हतं. काचेला म्हटलं असेल. पण खोली लहान होती.

"तुम्हाला ताटकळत ठेवलं बघा, साहेब," तोमे शरमेने म्हणाली. आपल्या घरी पाहुणा यावा आणि पुढे करायला काही नसावं तसा तिचा चेहरा झाला होता. "निघतच नाही काही. आमच्या विहिरीगत झालंय, उन्हाळ्यातल्या. पण जळतं खरं हो. वाकलं की असं पेटतं इथून, आणि वाकल्याशिवाय आमची कामं होत नाहीत. सासू म्हणते सोंग करतेस."

नळी आत वेटोळं घालून वरच अडकली असेल, हे त्याला त्याच वेळी वाटलं होतं. वाटलं होतं, पण नुसत्या वाटण्याला तो त्या वयात फार किंमत देत नसे, स्वतःच्या वाटण्याला तर नाहीच. पुन्हा करावं का? कापणीचे दिवस होते, त्यांची बस साडेअकराची होती, मुलगी सारखी घड्याळाकडे बघत होती, रांगेचा गलका दारापर्यंत आला होता. त्याने तक्ता पुढे ओढला. आकडे लिहिले. 'नळीची जागा' या रकान्यापाशी पेन थांबलं. मग त्याने आपल्या सुबक, वर्गात नेहमी वाखाणल्या गेलेल्या अक्षरात लिहिलं, 'योग्य'.

एक शब्द. तोकुजी आता सिग्नलपाशी उभा होता. दिवा हिरवा होऊन पुन्हा लाल झाला तरी तो उभाच. पुढच्या आयुष्यात त्याने हजारो तक्ते भरले, एकही खोटा नाही. पण माणसाच्या बाजूने ते हजारो खरे शब्द साक्षीला येत नाहीत हे त्याला म्हातारपणी कळत चाललं होतं. तो एकच खोटा शब्द येऊन बसायचा, आणि जागचा हलायचा नाही.

डॉक्टर साकुराबांनी तो तक्ता वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "आम्लच नाही तर जळेल काय? चुलीत लाकूड नाही आणि म्हणे धूर डोळ्यात जातो! नसा कमजोर झाल्यात, बाई. या वयात होतं. आम्ल कमी आहे ते वरून देऊ, भूक लागेल, काम होईल." आणि त्या काळी अशा रोग्यांना सर्रास देत ते औषध त्यांनी लिहून दिलं: पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल, साखरेच्या पाकात. दिवसातून तीनदा.

औषधाची खिडकी प्रयोगशाळेच्या अगदी समोर होती. दर पंधरवड्याला तोमे यायची, वाकलेलीच आणखी वाकून तपकिरी बाटल्या दोन्ही हातांनी घ्यायची, आणि काचेआड तोकुजी दिसला की हाक मारायची, "साहेब, पितेय बरं का! एक घोट सोडत नाही. जळतं, पण पितेय." तो मान लववायचा. तीही लववायची. सबंध हिवाळा असा गेला.

त्याच हिवाळ्यात त्याने वाचलं. हे सगळ्यात वाईट होतं, आणि हे तो स्वतःलाही क्वचितच पूर्ण वाक्यात सांगे. दवाखान्याच्या वाचनालयात परदेशी नियतकालिकं यायची, ती कोणी उघडत नसे. तोकुजी डब्यातला भात आणि धुरावर वाळवलेल्या मुळ्याचं लोणचं संपवून दुपारची सुट्टी तिथे काढायचा. एका अंकात त्याला तो लेख सापडला: जठर छातीत सरकलेल्या रोग्यांमधलं आम्ल आणि अन्ननलिकेची सूज. कोश हाताशी घेऊन त्याने चार दिवस तो वाचला. अशा रोग्यांत नळीचं टोक वर सरकलेल्या पिशवीतच गुंडाळून बसू शकतं, तेव्हा मोजणी खोटी येते. आणि मोजणी खरी असली तरी आम्लाचं प्रमाण आणि सूज यांचा मेळ बसतोच असं नाही. त्याने ते परिच्छेद वहीत उतरवून काढले, अवघड शब्दांखाली रेघा मारल्या, समासात अर्थ लिहिले. वही मिटली. समोरच्या खिडकीत तोमे बाटल्या घेत होती. ज्ञान झाल्याचा एक सूक्ष्म आनंद त्याला त्या वेळी झाला होता, हेही त्याला आठवतं. त्या आनंदाचीच त्याला पुढे किळस आली.

मग ती यायची बंद झाली. वर्ष गेलं, आणखी एक वसंत आला, आणि एका सकाळी दवाखान्याच्या टपालात ते जोडकार्ड आलं. कार्ड उघडंच. टेबलाटेबलावर वाचलं जात प्रयोगशाळेत पोचलं तेव्हा ते त्याचा सहकारी माचिदाच्या हातात होतं.

"हिराइवा, अरे लेका, मागणी आली वाटतं तुला! जोडकार्ड आहे. हो की नाही, तेवढंच कळवायचंय!" माचिदा ओरडला. मग मजकुरावर नजर गेली, त्याचं हसू उतरलं आणि त्याने कार्ड पालथं करून टेबलावर ठेवलं.

*आपण दोन वर्षांमागे शरदात माझ्या नाकातून नळी घातलीत ती काकिझाकी तोमे मी. हल्ली पेजेशिवाय काही उतरत नाही. शहरात मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीने पाहिलं. अन्ननलिकेला जखमा होऊन ती अरुंद झाली आहे, पोट वर आलं आहे, असं ते म्हणतात. पण घरी पहिला कागद जपून ठेवला आहे. त्यात आम्ल नाही असं लिहिलं आहे, म्हणून घरी कोणी मानत नाही. आपण त्या दिवशी 'असं कसं' म्हणालात. मुलीनेही ऐकलं. का म्हणालात, एवढंच कळवावं. कामात त्रास देते, क्षमा असावी.*

अक्षर मुलीचं होतं, गोल, शाळेतलं. त्याने ते कार्ड डॉक्टर साकुराबांकडे नेलं. ते हात धूत होते. "उत्तर द्यावं का, साहेब?" साकुराबांनी वाचलं, हात पुसले, आणि न रागावता म्हणाले, "उत्तर द्यायला तू कोण?" त्यात धमकी नव्हती. तंत्रज्ञाने रोग्याला काही सांगायचं नसतं, हा तिथला साधा शिरस्ता होता. पण तोकुजीला तो प्रश्न इतका सोयीचा वाटला की त्याने तो घट्ट धरून ठेवला. मी कोण? खरंच, मी कोण? साकुराबा वारले, तोकुजी सेंदाईला आला, रक्ताच्या तपासणीचं काम करू लागला, निवृत्त झाला; पण तो प्रश्न काही त्याने हातातून सोडला नाही.

कार्ड त्याने मोठ्या शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडात ठेवलं होतं. चार घरं बदलली, प्रत्येक वेळी तो खंड त्याने स्वतः उचलून नेला आणि फळीवर लावला, आणि कधी उघडला नाही. त्या खंडातले शब्द अडले तर तो शहराच्या वाचनालयात जाई. बायकोला, सेत्सुला, हे एक कोडं होतं. "घरात एवढाले कोश, आणि हे निघाले ट्राउझर चढवून एका शब्दासाठी," असं ती शेजारणीला सांगायची. "चालणं होतं तेवढंच, म्हणा."

आज तो घरी पोचला तेव्हा सेत्सु ओट्यापाशी मुळा किसत होती. "काय म्हणाले? कॅन्सर नाही ना?"

"नाही. पोट वर सरकलंय."

"वाचून वाचून. वाकून बसता ना दिवसभर." तिने सुटकेचा श्वास टाकला आणि मग त्याच्याकडे नीट पाहिलं. "मग तोंड असं का?"

तोकुजी फळीपाशी गेला. तिसरा खंड उतरवला. पानं एकमेकांना चिकटली होती, ती सुटताना कोरड्या पानांसारखा आवाज झाला. कार्ड पिवळं पडलं होतं, पण घडी शाबूत. त्याने ते सेत्सुच्या हातात दिलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्याने तिला कधी काही असं दिलं नव्हतं. तिने आधी हात पुसले.

"बाईचं अक्षर," ती म्हणाली. "मला वाटायचंच, त्या लायब्ररीत कोणीतरी आहे." मग ती वाचू लागली. तो उभ्याउभ्याच सांगत गेला. रांग, दार, पंचावन्नची खूण, 'योग्य', बाटल्या, वही. सांगताना त्याच्या लक्षात आलं की मनात इतकी वर्षं चाललेल्या या गोष्टीला सांगायला मुळा किसून होईल इतकाच वेळ लागतो.

"या बाईला तुम्ही चाळीस वर्षं ताटकळत ठेवलंत?" सेत्सुने विचारलं.

त्याने मान खाली घातली. नळीच्या दिवशीचा तोमेचाच शब्द होता तो. पण सेत्सुला ते माहीत नव्हतं, आणि हे सांगण्याचं धैर्य त्याला झालं नाही.

"आता ती नसेल," तो म्हणाला. "शंभरीची होईल."

"नसेलच. पण लिहिलंय कोणी? मुलीने. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान असेल, फार तर. तिनेही ऐकलं म्हणून लिहिलंय की यात. अहो, तिला चाळीस वर्षं वाटत असेल, आपल्या कानांनाच भास झाला. आई सोंग करत होती की काय, असंही वाटत असेल कधी. आपली माणसं असं मनात आणतात हो, नको म्हटलं तरी."

हे तोकुजीच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्याच्या पश्चात्तापात तोमे होती, साकुराबा होते, तो स्वतः तर प्रत्येक कोपऱ्यात होता. स्टुलावर रुमाल घेऊन बसलेली ती मुलगी नव्हती. तिची आई खोटी की ती स्वतः खोटी, यातलं एक तिला रोज निवडावं लागत असेल. आणि ते सोडवणारा एकच माणूस जगात उरलाय, आणि तो कोशात शब्द शोधतोय.

तो मेजापाशी बसला. दुपारपर्यंत त्याने सहा कागद लिहिले. पहिल्यात सामुदायिक तपासणीचं वर्णन आलं, दुसऱ्यात त्या काळच्या वैद्यकाची मर्यादा, तिसऱ्यात परदेशी लेखाचा सारांश आणि त्यातल्या दोन शब्दांबद्दल खुलासा. चौथा बराच चांगला उतरला आणि म्हणूनच त्याने तो फाडला. प्रत्येक कागदात कुठेतरी एक 'परंतु' होता, आणि त्या 'परंतु'मागे एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, नाही, एकोणतीस वर्षांचा माणूस दडून बसलेला. वय चुकवण्यातसुद्धा आपण स्वतःला दोन वर्षांची सूट देतोय, हे पाहून त्याला ओशाळं हसू आलं. वाकून लिहिण्याने छातीत आग पेटली होती. घशाशी आंबट येत होतं. तोमेला याहून कितीतरी जास्त जळत असेल, तो मनात म्हणाला. आणि वरून रोज त्या औषधाचे तीन घोट.

"पाकीट देतेस का एक मोठं?" त्याने विचारलं.

"पाकीट कशाला?" सेत्सु दारातून म्हणाली. "तिने कार्ड मागितलंय."

"कार्ड उघडं असतं. कोणीही वाचतं."

"तेच म्हणते मी."

ती पुन्हा आत गेली. तोकुजी बराच वेळ त्या कोऱ्या अर्ध्याकडे बघत राहिला. त्या काळी त्याला त्या कार्डाचा रागच आला होता. पाकिटात घालून पाठवलं असतं तर दवाखानाभर झालं नसतं, माचिदा ओरडला नसता, असं वाटलं होतं. खेड्यातल्या बाईला एवढंही कळू नये. आणि तिला तर नेमकं हेच हवं होतं. उत्तर उघडं यावं. पोस्टमनने वाचावं, दारातच सासूच्या हातात पडावं, नवऱ्याने वाचावं, तो जपलेला पहिला कागद होता त्याच्या शेजारी ठेवलं जावं. कागदाला उत्तर म्हणून तिला कागद हवा होता, सगळ्यांना दिसेल असा. तिला 'का' हे तोकुजीकडून जाणून घ्यायचंच नव्हतं. तिला माहीत होतं. जळत होतं तिचं.

तो उठला. बसून, वाकून लिहायचं नाही. फळीच्या उंचीवर कोश आडवा ठेवला, त्यावर कार्ड ठेवलं आणि उभ्याने, ताठ होण्याचा प्रयत्न करत, पेन टेकवलं. जुन्या कागदावर शाई पसरत होती. त्याचं सुबक अक्षर आज काही सुबक आलं नाही.

*काकिझाकी तोमे यांस. नळी जागेवर नव्हती. मी न पाहता 'योग्य' लिहिलं. मला तेव्हाच शंका आली होती म्हणून 'असं कसं' म्हणालो, आणि पुढे ते खरं असल्याचं वाचूनही गप्प राहिलो. तुमचं आम्ल मी मोजलंच नाही. जळत होतं ते खरं होतं. मुलीने ऐकलं तेही खरं. जे औषध तुम्ही प्यायलात ते माझ्या एका शब्दामुळे. उत्तराला उशीर झाला. तोकुजी हिराइवा.*

'उशीर झाला' वाचताना त्याला लाज वाटली, पण दुसरा शब्द त्याला सापडेना, आणि आज कोश उघडायचा नव्हता. पाठीवर फुमिएने आईचं नाव रिवाजाप्रमाणे नुसतंच, मानाची अक्षरं न जोडता लिहिलं होतं. ती जोडायची पाळी उत्तर देणाऱ्याची असते. त्याने ती जोडली. बाजूला लहान अक्षरात लिहिलं: त्या नसल्यास, मुलगी फुमिए यांनी वाचावं. मग आपला सेंदाईचा पत्ता. मग घडीवर बोट फिरवून कार्ड फाडलं. चाळीस वर्षं ते एकाला एक जोडलेलं होतं. फाटलं मात्र अगदी सहज, दोन ठिकाणी धागे निघाले तेवढेच.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या मुलीने कार्ड घेतलं, उलटसुलट केलं. "अय्या, आजोबा, हे कार्ड तर माझ्या आईच्या वयाचं आहे!"

"चालेल का?"

"चालेल की. वाढीव तिकीट लावावं लागेल. गावाचं नाव पण जुनंय, आता ते शेजारच्या शहरात गेलंय. जाईल तरी. तिथले पोस्टमन ओळखतात घरं." तिने तिकीट चिकटवलं, अंगठ्याने दाबलं, आणि सवयीने मजकुराची बाजू वर केली. तिचे डोळे ओळींवरून उतरू लागले.

तोकुजी खिडकीपाशी उभा राहिला. याच क्षणाला तो घाबरत आला होता: कोणीतरी अनोळखी, त्याच्यासमोर, त्याच्या सहीपर्यंत वाचत जाणार. ती वाचत होती. त्याचे कान तापले. त्याने हात पुढे करून कार्ड झाकलं नाही. छातीतली आग होती तिथेच होती. गोळ्या अजून खिशात, पाकीट न फोडलेलं. मुलगी शेवटच्या ओळीपाशी थांबली, वर बघितलं, आणि बघून चटकन खाली मान घातली. मग शिक्का उचलला.

"कोणी राहत नसेल तिथे, तर परत येईल तुमच्याकडे," ती म्हणाली. तिचा आवाज मघाचा नव्हता. "तसं झालं तर... इथे आणा. आपण शोधू पत्ता."

"आणीन," तोकुजी म्हणाला.

"आजची तारीख मारते."

"हो. आजचीच."

शिक्का पडला. तिने कार्ड मागच्या खोक्यात ठेवलं, मजकुराची बाजू वर.